गाडी चालवणाऱ्या दोघींची नावेही छापावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकाराविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा 1920 च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीचा उल्लेख हमखास येतो. पण 1915 मध्ये याच मागणीसाठी सॅन फ्रान्सिस्को ते वॉशिंग्टन असा जो मोटारप्रवास झाला, त्यातील दोघींची नावे क्वचितच वाचायला मिळतात.

त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात मताधिकाराच्या मागणीपत्रावर सह्या गोळा झाल्या आणि ते राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या हाती देण्याचे काम कवयित्री सारा बार्ड फील्ड यांच्याकडे आले. त्यांना मोटार चालवता येत नव्हती. मोटार होती मारिया किंडबर्ग आणि इंगेबोर्ग किंडस्टेट या पन्नाशी गाठलेल्या, मूळच्या स्वीडनच्या दोन मैत्रिणींची. प्रदर्शनाला आलेल्या त्या दोघींनी पूर्व किनाऱ्यावरच्या आपल्या घरी परतण्यासाठी ओव्हरलँड कंपनीची गाडी घेतली होती. किंडबर्ग चाकावर बसत आणि गाडीची दुरुस्ती किंडस्टेट पाहत. पक्के रस्ते फारसे नव्हतेच. कॅन्सासमध्ये रात्रीच्या पावसात गाडी चिखलात रुतली, तेव्हा फील्ड अंधारात चिखल तुडवत एका शेतकऱ्याच्या घरापर्यंत गेल्या आणि शेवटी त्याच्या घोड्यांनी गाडी ओढून काढली. वाटेतील वायोमिंग, कोलोरॅडो, कॅन्सास या राज्यांत स्त्रियांना आधीच मत होते आणि त्या मतदार स्त्रियांचे बळ राजधानीला दाखवून देणे हाच प्रवासाचा हेतू होता. 6 डिसेंबर रोजी विल्सन यांनी या स्त्रियांची भेट घेतली.

गावोगावी भाषणे मात्र फील्ड यांची झाली, वृत्तपत्रांत नावही मुख्यतः त्यांचेच आले, आणि किंडस्टेट यांना ते फार लागले होते. मला यात नवल वाटत नाही. शिक्षिका असताना मतदारनोंदणीसाठी मी वाड्यावस्त्यांवर फिरले आहे. ओढ्यात अडकलेली आमची जीप ज्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून, खाली दगड लावून बाहेर काढली, त्या चालकाचे नाव आमच्या अहवालात एकदाही आले नाही, आणि तो अहवाल लिहिणाऱ्यांत मीही होते, याची खंत आजही वाटते.

मुंबई इलाख्यात स्त्रियांना 1921 मध्ये मर्यादित मताधिकार मिळाला, त्या लढ्याविषयीही आपण वेळोवेळी छापताच. या विषयावर पुन्हा लेख आला आणि त्यात या प्रवासाचा उल्लेख झाला, तर फील्ड यांच्याबरोबर किंडबर्ग आणि किंडस्टेट ही नावेही द्यावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा