उशिराच्या असाइनमेंटबद्दल बाबांना पत्र

ॲन आर्बर, मिशिगन
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मुदत टळून गेल्यावर आलेली असाइनमेंट मी घेतेच कशी, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारलेत, त्याचे उत्तर नीट लिहून पाठवावेसे वाटले. जर्नल अपुरे असले की तुम्ही सही करत नव्हतात, आणि टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येणार नाही, या धास्तीने मुले रात्रभर जागून, बहुधा शेजाऱ्याच्याच वहीवरून, प्रयोग उतरवून काढत, हे मला आठवते.

इथे बहुधा प्रत्येक शिक्षक आपला नियम सत्राच्या आरंभी सिलॅबसमध्ये लिहून देतो. पहिल्या वर्षी मी लिहिले होते, की अडचण असल्यास ईमेल करावा; मला ते फार उदार वाटले होते. सत्र संपल्यावर ईमेल चाळले, तेव्हा दिसले की मुदतवाढ मागणारी मुले तीच ती, शिक्षकांशी बोलायला न बिचकणारी होती. रात्रपाळी करून वर्गात पेंगणाऱ्या एका मुलाने मात्र एकदाही न विचारता उशिराच्या दर दिवसाचे दहा टक्के गुण मुकाट्याने गमावले होते. ती सवलत खऱ्या आजाऱ्यांसाठी असेल, असे त्याला वाटले होते.

आता प्रत्येकाच्या खात्यावर सत्रासाठी उशिराचे चार दिवस असतात, तुमच्या नैमित्तिक रजेसारखे. फरक इतकाच, की कारण सांगावे लागत नाही. एका असाइनमेंटला त्यांतले दोनच वापरता येतात, कारण तिसऱ्या दिवशी मी उत्तरे सर्वांना खुली करते आणि त्यानंतर आलेले काम तपासण्यात अर्थ उरत नाही. मोठे आजारपण किंवा घरातला मृत्यू यांचा हिशेब या खात्यात धरत नाही. अपंग विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या १९९० च्या अपंगविषयक कायद्याने योग्य त्या सवलती मिळतात. त्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या पत्रात सवलत लिहिलेली असते, व्याधीचे नाव नसते, आणि ते मला फार बरे वाटते.

काही महाभाग चारही दिवस सप्टेंबरातच संपवतात, त्याला माझ्याकडे अजून उपाय नाही.

एसटीने येणाऱ्या मुलांची जर्नले तुम्ही एक दिवस उशिरा पाहत असा, असे आई म्हणाली. ही सोय बाकीच्या वर्गाला ठाऊक होती का, ते जरूर कळवावे.

आईस नमस्कार.

तुमची,
मंजू