पेन्सिलीशिवाय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कात्रीने कागदातून चित्र कापताना आधी पेन्सिलीने ते काढून घेतलं तर काय बिघडतं, असं तू विचारलंस. बिघडत काहीच नाही. पण रेघ काढली की चित्र तिथेच ठरून जातं. कात्रीला नुसतं तिच्यामागून जायचं उरतं. मला तर कापता कापताच सुचतं.

पक्षी कापायचा असेल तर मी चोचीपासून सुरू करतो. तो कुठे बघतोय हे एकदा ठरलं की मान, पाठ आपोआप त्या रोखाने येतात. कात्री जवळजवळ एका जागी असते, फिरतो तो डाव्या हातातला कागद. पाती खिळ्याजवळून चालवायची आणि टोकं पूर्ण मिटू द्यायची नाहीत. कात्री मिटली की कडेवर बारीकसा दाता उमटतो आणि मानेचा बाक तुटक दिसतो. पक्षी कागदापासून सुटण्याआधी आतलं काम उरकायचं, कारण तोवर धरायला भरपूर कागद असतो. डोळ्यासाठी मधोमध टोकाने भोक पाडायचं आणि तिथून वळसे घेत बाहेर यायचं.

खरी गंमत पंखांपाशी येते. सगळं एकाच कागदाचं, म्हणून प्रत्येक पीस कुठेतरी अंगाला जोडलेलं राहायलाच हवं. दोन पिसांमधली फट कापताना मी पिसाकडे बघतच नाही, फटीचा आकार बघतो. ती फट देखणी झाली की पीसही देखणं होतं. आणि कापलेलं परत जोडता येत नाही. पंख मनात होता त्यापेक्षा निमुळता उतरला, तर शेपूट लांब करून तोल सांभाळायचा. मला सगळ्यात आवडलेल्या शेपट्या अशाच सुचलेल्या आहेत. पेन्सिलीने त्या मी कधीच काढल्या नसत्या.

डॅनिश परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन (1805–1875) गोष्ट सांगता सांगता घडी घातलेला कागद मोठ्या कात्रीने कापत असे आणि शेवटी उलगडून दाखवत असे. घडीत चित्राचा अर्धाच भाग हाताखाली असतो, उरलेला मनात धरावा लागतो. बोलत बोलत हे करायचं म्हणजे कमालच! फ्रेंच चित्रकार आन्री मातीसने 1941 च्या शस्त्रक्रियेनंतर, फारसं उभं राहता येईना तेव्हा, रंगवलेले कागदच कापायला घेतले. त्यात रेषा आणि रंग एकाच हालचालीत येतात. मला मात्र सगळ्यात जवळची वाटते अठराव्या शतकातली इंग्रज कलावंत मेरी डिलेनी. वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास तिने रंगीत कागदाच्या पाकळ्या कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला घेतली. डोळे साथ देईनासे होईपर्यंत तिने जवळजवळ एक हजार फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

तू सुरुवात करशील तेव्हा पातळ कागद घे आणि एकच घडी घाल. घड्या वाढल्या की थर सरकतात, आतली आणि बाहेरची नक्षी जुळत नाही. कात्री छोटी पण टोकाला धारदार हवी. अणकुचीदार कोपरा एका दमात वळून कापू नकोस. दोन्ही बाजूंनी येऊन टोकाशी मिळव, नाहीतर कागद फाटतो. पहिल्यांदा पानच काप. पानाचा आकार हाताला ठाऊक असतो, त्यामुळे सगळं लक्ष शिरांमधल्या मोकळ्या जागेकडे देता येतं.

कापलंस की पाकिटात घालून पाठव, आणि कुठून सुरुवात केलीस तेही लिही.

तुझाच,
जिवलग मित्र