लघुग्रहाचा आकार कशावरून काढला, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘2024 वायआर4’ या लघुग्रहाचा आकार फेब्रुवारी 2025 मध्ये ‘40 ते 90 मीटर’ असा छापून आला आणि एप्रिलमध्ये तो ‘सुमारे 60 मीटर’ झाला. पृथ्वीवरील संभाव्य धडकेच्या पट्ट्यात तेव्हा मुंबईचे नाव असल्याने आपल्याकडे चर्चा झाली आणि ‘शास्त्रज्ञ रोज आकडे बदलतात’ हा सूर अजून ऐकू येतो. तो अन्यायाचा आहे. ही दोन मापे दोन वेगळ्या पद्धतींची होती.

साध्या दुर्बिणीला दिसतो तो लघुग्रहावरून परतलेला सूर्यप्रकाश. पृष्ठभाग काळपट असेल, जेमतेम 5 टक्के प्रकाश परतवत असेल, तर तेवढ्या तेजासाठी तो 90 मीटरचा असावा लागतो. 25 टक्के परतवत असेल तर 40 मीटर पुरतात. नुसत्या तेजावरून यापुढे जाता येत नाही. व्यास सव्वादोनपट म्हणजे वस्तुमान अकरापटीहून अधिक, तेव्हा हा फरक किरकोळही नाही.

अंतराळातील जेम्स वेब दुर्बिणीने मार्च 2025 मध्ये मोजली ती त्याची उष्णता. शोषलेल्या उन्हातला फरक फार तर 95 टक्के आणि 75 टक्के एवढाच, त्यामुळे बाहेर पडणारी उष्णता मुख्यतः आकारावरच ठरते. 200 केल्विनच्या (सुमारे उणे 73 अंश सेल्सिअसच्या) आसपासचा पृष्ठभाग 14-15 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत सर्वाधिक तळपतो. जमिनीवर या तरंगलांबीला हवा आणि दुर्बीण स्वतःच तळपत असतात; वेबवरचे ‘मिरी’ हे उपकरण हेलियमच्या शीतकाने 7 केल्विनच्या खाली ठेवलेले असते.

तरीही माप चुकू शकते. दुर्बीण लघुग्रहाच्या गतीने सरकवतात, त्यामुळे मागच्या ताऱ्यांच्या रेघा उमटतात. एखादी रेघ नेमकी लघुग्रहावर आली की ते चित्र निरुपयोगी. लांबट लघुग्रह अरुंद बाजूने दिसला तर आकार कमी भरतो, म्हणून त्याची एक पूर्ण गिरकी टिपावी लागते. वायआर4 ची गिरकी सुमारे 20 मिनिटांची आहे. शिवाय पृष्ठभागावर बारीक माती आहे की उघडे दगड, यावर ऊन किती वेळ मुरून राहते हे ठरते. म्हणून 60 च्या मागेपुढे 7 मीटर धरायचे.

आपल्या दैनिकाला विनंती, की आकाराच्या आकड्याशेजारी ‘प्रकाशावरून’ किंवा ‘उष्णतेवरून’ एवढा एक शब्द तरी द्यावा.

आणखी एक. ‘वेब आता धोकादायक लघुग्रह शोधून काढेल’ असे मथळे कृपया टाळावेत. उन्हापासून वाचवणाऱ्या सूर्यढालीमुळे तिला सूर्यापासून 85 ते 135 अंशांमधलेच आकाश पाहता येते. 2013 साली रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे 20 मीटरचा लघुग्रह सूर्याच्या दिशेने आला होता; तसा पुन्हा आला तर वेबला दिसणार नाही. त्या कामासाठी नासाची ‘निओ सर्व्हेयर’ ही 50 सेंटिमीटरची अवरक्त दुर्बीण तयार होत आहे. ती सूर्यापासून 45 अंशांपर्यंत पाहील आणि तिचे उड्डाण 2027 मध्ये नियोजित आहे.

आपले,
खगोल अभ्यासक वाचक, पुणे