गावाला आम्ही येत नाही, तुम्हीच इकडे या

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)

ती. आई व बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ती खोली विका आणि पोरीला घेऊन गावाला या. इथं हवा आहे, पाणी आहे, मुंबईत धूळ खात कशाला बसायचं?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला, कारण मनवाच्या वाफेची वेळ झाली होती. शिवाय हे फोनवर सांगून होण्यातलं नाही. तुम्ही स्पीकर लावता, मागून आई तिसरंच काहीतरी विचारते आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहून पाठवतोय. चष्मा लावून दोघांनी वाचा.

आधी आईसाठी. आई, मनवाला बाळदमा नाही. वाडीत तू तसं सांगतेस आणि वर "मोठी झाली की जाईल" म्हणतेस, ते मला काकीकडून कळलं. हा जाणारा आजार नाही. नाव सिस्टिक फायब्रोसिस. शरीरातल्या पेशींतून मिठाची आणि पाण्याची जी ये-जा चालते, ती हिच्यात जन्मापासूनच बिघडलेली आहे. त्यामुळे छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो, सुटत नाही, आणि त्यात जंतू मुक्कामाला राहतात. पोटातही तेच. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. घामातून मात्र मीठ भरमसाट जातं. तिच्या बारशाला तू म्हणाली होतीस ना, "पोरीचा मुका खारट लागतो रे"? तेव्हा सगळे हसले होते. निदान तूच केलंस म्हणायचं, डॉक्टरांच्या कितीतरी आधी.

डॉक्टरांचं काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. खोकला, बारीक ताप, वजन वाढत नाही, छातीच्या फोटोत डाग, एवढं दिसलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. तो घेणं चूकही नाही, मुंबईत टीबी आहेच तेवढा. पण थुंकीत काही सापडत नसताना एकाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि वजन काट्यावर हलेना तरी रेटत नेल्या. शेवटी परळला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी खोकल्याचं विचारायच्या आधी शीचं विचारलं. तेलकट असते का, भांड्याला चिकटते का, वास फार येतो का. मग घामाची तपासणी. हाताला औषध लावून बारीकसा करंट देतात, तिथला घाम गोळा करतात आणि त्यात मिठातलं क्लोराईड किती ते मोजतात. ते ६० च्या वर गेलं की हाच आजार. तिचं बरंच वर होतं. अमेरिकेत प्रत्येक बाळाच्या टाचेतून जन्मल्याबरोबर रक्त घेऊन हे बघतात. आपल्याकडे कित्येक वर्षं डॉक्टरसुद्धा हा गोऱ्यांचा आजार समजत होते.

आता जरा अवघड विषय. "आमच्या घराण्यात कुणाला नाही, हे सुनेच्या माहेरचं" असं तू काकीला म्हणालीस. आई, हा आजार एकाच बाजूने येत नाही. ज्या जनुकात दोष असतो ते १९८९ साली सापडलं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो. एकच आली तर माणूस ठणठणीत, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. म्हणजे एक अश्विनीकडून आली आणि एक माझ्याकडून. माझ्याकडे ती तुमच्या दोघांपैकीच कुणाकडून तरी आली. यात कुणाचा दोष नाही, पण ढकलायचाच असेल तर निम्मा आपल्या घरात ठेवा. बाबा, तुमचा जो धाकटा भाऊ वर्षाचा होण्याआधीच "सुकत सुकत गेला" असं आजी सांगायची, त्याचं खरं काय होतं कोण जाणे. आजोबांच्या खोकल्याशी मात्र याचा संबंध नाही. त्यांची सगळी हयात गिरणीत ब्लोरूमला गेली, तो खोकला कापसाच्या धुळीचा होता.

हे सुमीला सांगायला हवं. तिच्यातही ही प्रत असण्याची शक्यता निम्मी आहे. मूल होऊ देण्याआधी तिची आणि जावईबापूंची रक्ततपासणी झाली तर बरं. दोघांत निघाली, तर दर खेपेला चारात एक धोका असतो. तिच्या सासरी कळेल म्हणून हे झाकून ठेवू नका. मी तिच्याशी बोलेन, पण तू मध्ये येऊन "काही नाही गं, भाऊ उगाच घाबरवतो" म्हणू नकोस, एवढंच.

तर गावाला का नाही? बाबा, मुंबईच्या हवेची वकिली मी करणार नाही. पावसात चार महिने बरे जातात. पण दिवाळीनंतर समुद्राचा वारा पडला की खिडकीतून समोरचा टॉवर धुरकट दिसतो आणि मनवाचा खोकला रात्री सुरू होतो. आमच्या नगरात एकेक जुनी बिल्डिंग पाडून नवी चढते आहे, शेजारची आता पाडायला घेतलीय. बांधकामाभोवती उंच पत्रे लावा, पाणी मारा, असे नियम पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढले. पत्रे आहेत. पाणी मारणारा माणूस मात्र साहेब येणार असतील त्या दिवशीच दिसतो. वर कबुतरं. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढं रान उठलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. आम्ही आमच्यापुरती गॅलरीला जाळी मारून घेतली, कारण त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ धडधाकट माणसाच्या फुप्फुसालाही सोसत नाही.

पण गावची हवा चांगली, हे तुम्ही ओटीवर बसून म्हणता. आतल्या चुलीचा धूर कुठे जातो? उन्हाळ्यात शेतात पाला-गवत जाळून भाजावळ सुरू झाली की आठवडाभर डोळे चुरचुरतात, ती हवा कसली? गोठ्यातल्या ओलसर पेंढ्याला जी बुरशी येते ती या मुलांच्या छातीत घर करते. लावणीच्या चिखलात तर तिने पाय घालायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. खाली उडुपी-मंगळूरच्या पट्ट्यात मातीतल्या एका जंतूने मेलिऑइडोसिस नावाचा आजार होतो, तो या मुलांना झाला तर फार जड जातो. शिवाय तिचं एक औषध फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि वाफेचं मशीन विजेवर चालतं. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वादळात लाईट गेली की कधी येते?

आणि परळ इथे आहे. वाडिया हॉस्पिटल आहे, केईएम आहे. तुम्ही बेस्टच्या वडाळा डेपोत कंडक्टर होतात तेव्हा तो रस्ता तुम्हाला पाठ होता. दर तीन महिन्यांनी घशातून नमुना घेऊन कुठला जंतू शिरलाय का ते बघतात. स्यूडोमोनास नावाचा एक आहे, साचलेल्या पाण्यात, मोरीच्या जाळीत राहणारा. तो लवकर सापडला तर औषधाने हटवता येतो, मुरला की जन्माचा सोबती. हे कल्चर करणारी लॅब, छातीचा व्यायाम शिकवणारी बाई, अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल ठेवणारा केमिस्ट, यातलं तालुक्याला काय मिळेल सांगा.

दवाखान्यात आणखी एक मुलगी येते, मनवाच्याच वयाची, आजारही तोच. दोघींना एकमेकींजवळ बसू देत नाहीत, कारण एकीच्या छातीतला जंतू दुसरीकडे गेला तर भारी पडतो. तिची आई बाकाच्या त्या टोकाला, अश्विनी या टोकाला, आणि मधल्या मोकळ्या जागेवरून दोघी बोलत असतात. कुठल्या आंबट फळात कॅप्सूलमधले दाणे कालवले की पोर तोंड वाकडं करत नाही, वगैरे. आमच्या अडचणी न सांगता कळणारी मुंबईत एवढीच माणसं, आणि त्यांना आम्ही घरी चहाला बोलावू शकत नाही. बाकीच्यांना मनवापासून काही होत नाही, हे शाळेत सारखं समजवावं लागतं. खोकते म्हणून मागच्या बाकावर बसवा, असं एका पालकाने सुचवलं होतं. वर्गाच्या बाई खमक्या निघाल्या. तिला पहिल्या बाकावर ठेवलं आणि बाकाखाली कचऱ्याची पिशवी, बेडका आला तर थुंकायला. गिळू नको, थुंक, असं कौतुकाने सांगणाऱ्या बाई मी पहिल्यांदाच पाहिल्या.

सकाळ-संध्याकाळ काय चालतं ते तुम्ही कधी नीट पाहिलं नाहीत. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, मग खारट पाण्याची वाफ, मग थापटणं. ती पालथी, कधी या कुशीवर, कधी त्या, मांडीवर उशी. हाताचा तळवा खोलगट करायचा. सपाट पडला तर चापट लागते आणि ती ओरडते, खोलगट पडला तर पोकळ आवाज येतो आणि तिला मजा वाटते. फुप्फुसाचा एकेक भाग धरून करायचं, बरगडीच्या खाली नाही, पाठीच्या मणक्यावर नाही. कंटाळू नये म्हणून मी तिला तुमचा रस्ता शिकवलाय. डाव्या खांद्यामागे दादर टीटी, खाली हिंदमाता, मग परळ, लालबाग, भायखळा. "भायखळा आलं, उतरा" म्हटलं की ती उठून जोरात खोकते आणि कफ पडला तर त्याचा रंग आम्हाला ओरडून सांगते. पांढरा असेल तर अश्विनी स्वयंपाकघरातूनच "शाब्बास" म्हणते. हिरवा असला की आमचे चेहरे तिला कळतात, म्हणून हल्ली आम्ही तेव्हाही शाब्बासच म्हणतो. मग वाफेची वाटी धुवायची, उकळायची, वाळवायची. अंग मोडतं, खोटं कशाला सांगू. कधी ती नाटकं करते, कधी मी ऑफिसच्या गडबडीत भायखळ्याऐवजी लालबागलाच गाडी थांबवू बघतो, पण तिला स्टॉप पाठ आहेत.

बाबा, तुम्ही मला एकट्याला गाठून विचारलं होतंत, "किती वर्षं?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही. १९५० च्या सुमारास ही मुलं शाळेत जायच्या आधीच जायची. आता परदेशात ती नोकऱ्या करतात, लग्नं करतात. तिकडे २०१९ साली तीन औषधं एकत्र केलेली एक गोळी आली, मुळातल्या बिघाडावरच काम करणारी. तिची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर आहे. तेव्हा आंब्याच्या कलमांचा तुकडा विकतो ही भाषा काढू नका. आपली अख्खी वाडी विकली तरी एक वर्ष निघायचं नाही. केंद्र सरकारचं २०२१ चं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे, त्यात ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे आणि मुंबईतलं केंद्र केईएम. मी कागद जमवतोय. कलमं राहू देत, तिला हापूस लागतो.

म्हणून म्हणतो, तुम्ही इकडे या. चार दिवसांचे पाहुणे म्हणून नको, पावसाळा संपला की होळीपर्यंत. धुळीचे तेच महिने वाईट असतात आणि तेव्हाच आम्हाला माणसं कमी पडतात. तिला ताप आला की अश्विनीची रजा जाते, आणि तिच्या रजा आता संपत आल्यात. बाबा, थापटणं तुम्हाला आठवड्यात जमेल. तिकीट पंच करून करून तुमचा हात तयार आहे.

आई, तुझ्यासाठी तर हा आजार बरा आहे म्हणायचा. तिला तूप-लोणी भरपूर द्यायचं आणि मीठही वरून, विशेषतः उन्हाळ्यात. नाहीतर घामातून मीठ जाऊन ती गळून पडते. बाबांचं अळणी ताट आणि तिचं खारट, दोन्ही तुलाच सांभाळायचंय. फक्त कॅप्सूल फोडून निघणारे दाणे गरम वरण-भातात टाकायचे नाहीत, ते सफरचंदाच्या गरात घालून द्यायचे, आणि चावू द्यायचे नाहीत. गुरवाकडून कौल लावून घेतलास, गाऱ्हाणं घातलंस, त्याला माझी ना नाही. घरात समई लाव, पण उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल बंद.

येण्याआधी दोघांनी तालुक्याला जाऊन फ्लूची लस घ्या, आणि बाबांची सर्दी पूर्ण गेल्याशिवाय निघू नका. सुमीलाही बोलावून घे, ती आली की समोरासमोर बोलता येईल. सामान कमी आणा. कोकमाचं आगळ मात्र दोन बाटल्या आण, इथलं सगळं साखरेचं असतं. तुतारीने आलात तर दादरपर्यंत जाऊ नका, ठाण्यालाच उतरा, मी स्टेशनवर येतो. तारीख कळवा म्हणजे खालच्या बर्थचं बघतो.

तुमचा,
संदीप

ता. क. – मनवा विचारते आहे की भायखळ्याच्या पुढचे स्टॉप कोणते. जे. जे. पर्यंत मला येतात, पुढचे बाबांनी येऊन सांगावेत.