अंगठीवर तीन कॉलम, गाण्यांवर शून्य

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत अमेरिकन गायिका मार्गो प्राइसच्या पहिल्या अल्बमला दहा वर्षं झाली म्हणून आलेला लेख वाचला. मराठी पेपरात ऑल्टरनेटिव्ह कंट्रीला (म्हणजे अमेरिकन ग्रामीण 'कंट्री' संगीताच्या चाकोरीबाहेरच्या प्रकाराला) अर्धं पान, म्हणून आधी खूश झालो आणि शेवटाला येईपर्यंत डोकं फिरलं, कारण सगळं तिच्या गरिबीवर, गाण्यांवर काहीच नाही. मान्य, तिनं लग्नाची अंगठी गहाण ठेवली, गाडी विकली, तेव्हा कुठे मेम्फिसच्या सन स्टुडिओचे पैसे उभे राहिले. पण त्या पैशात तीन दिवसांत रेकॉर्ड काय केलं ते कोण सांगणार? 'हँड्स ऑफ टाइम' सहा मिनिटांचं आहे, वडिलांची शेती गेली, स्वतःचं बाळ गेलं, सगळं त्यात आहे, पण बाई रडत नाही हो, शांतपणे एकेक सांगत जाते आणि मागे व्हायोलिनं चढत राहतात. 'धिस टाउन गेट्स अराउंड'मध्ये नॅशव्हिलच्या म्युझिकवाल्यांची मस्त खेचलीय. पेडल स्टीलचा (कंट्रीतली ती आडवी ठेवून वाजवायची गिटार) तर 'प'सुद्धा नाही लेखात! बऱ्याच कंपन्यांनी नाकारलेला हा अल्बम रॉक संगीतकार जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्स या कंपनीने मार्च २०१६ मध्ये काढला आणि हिट सिंगल नसताना अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री अल्बम चार्टवर थेट १० व्या नंबरला आला, तो काय अंगठीमुळे?

माझा राग जुना आहे. माझी भाची शास्त्रीय गाते. एका स्पर्धेत पहिली आली तर एका पेपरात (तुमच्या नाही, उगाच दचकू नका) हेडिंग काय, 'रिक्षाचालकाच्या लेकीची सुरेल भरारी'. बागेश्री गायली होती पोरगी, तबलजी ऐनवेळी बदलला तरी सम सुटली नाही, यातलं एक अक्षर नाही. बातमीदारानं फोनवर माझ्या बहिणीला विचारलं, शिक्षणासाठी दागिने मोडले का? ती म्हणाली नाही बुवा, तर त्याचा आवाजच पडला. इलेक्ट्रॉनिक तानपुरासुद्धा दाजींनी रोख घेतला होता. बातमी आल्यावर स्टँडवर लोक दाजींना बाजूला घेऊन विचारायला लागले, काही मदत हवी का, आणि ते आठवडाभर घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, अल्बमचं नावच 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर', म्हणजे शेतकऱ्याची लेक, आहे, मग आमचं काय चुकलं? अहो, ते तिनं स्वतः ठेवलंय, जुन्या कंट्री गायिका लोरेटा लिनच्या 'कोल मायनर्स डॉटर'ला (कोळसा खाणकामगाराची लेक) मान देत. आपला बाप कोण हे तिनं गाऊन सांगणं वेगळं आणि तुम्ही तेवढंच छापून मोकळं होणं वेगळं.

आणि जाता जाता, लेख ऐन रंगात आला की 'पुढील मजकुरासाठी क्यूआर कोड स्कॅन करा' हा काय प्रकार आहे? पेपरचं बिल आम्ही पूर्ण भरतो, अर्ध्या लेखाचं नाही. तरी केला स्कॅन, तर आधी रिअल इस्टेटची जाहिरात आणि मग परत अंगठीच! पुढच्या वेळी निदान अल्बम एकदा ऐकलेल्या माणसाकडून लिहून घ्या.

आपला,
एक नियमित (आणि सध्या वैतागलेला) वाचक, सांगली