12 जूनला फड रिकामा असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक बालकामगार विरोधी दिनानिमित्त आपण छापलेले वृत्त वाचले. हॉटेलात कपबशा विसळणारी मुले, गॅरेजमधली मुले, कामगार खात्याच्या धाडी, शाळांमधल्या शपथा आणि फेऱ्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण हा दिवस येतो 12 जूनला, आणि आमच्या भागातली मुले ज्या ऊसतोडीच्या कामाला जुंपली जातात ते काम तेव्हा बंद असते. साखर कारखान्यांचा पट्टा मार्च-एप्रिलमध्ये पडतो, म्हणजे गाळप हंगाम संपतो, आणि तोडणी मजुरांच्या टोळ्या गावी परततात. जूनमध्ये उसाच्या फडात कितीही धाडी टाका, एक मूल सापडायचे नाही.

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. दसरा-दिवाळी उरकली की गावे ओस पडतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, हल्ली ती एका कोयत्याला लाखाच्या घरात जाते, आणि ती फेडायला कुटुंब कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर नाहीतर सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटला जाते. मजुरी टनावर. खाडा पडला तर पैसे कापले जातात. एका जोडप्याच्या हातून दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तुटतो, आणि त्या दोन टनांत बारा वर्षांच्या पोराने सोललेले पाचट, गोळा केलेल्या कांड्या, वाढ्याने बांधलेल्या मोळ्या मिसळलेल्या असतात. त्याची वेगळी मजुरी नाही, म्हणून वेगळी नोंद नाही. हॉटेलातल्या मुलाला निदान मालक असतो. फडातल्या मुलाचा मालक कोण, असे विचारा. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम आईबापाकडे, आणि आईबाप म्हणतात, गावी कुणाच्या जिवावर ठेवायचं?

आईबापांना यात दोषी धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पहाटे चारला अंधारात फडात उतरणाऱ्या बाईला तान्हे मूल कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, सोडून जावे लागते. ते सांभाळायला आठ-नऊ वर्षांची लेक लागतेच. पाणी तीच आणते, भाकरीही तीच थापते. डोकीसेंटरला, म्हणजे मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरायच्या कामात, ट्रक रात्री-अपरात्री कधीही येतो, मग भरायला घरातले सगळेच उठतात. हे काम बालमजुरीच्या कोणत्या रकान्यात बसते?

कायदा याविषयी गप्प नाही, पण त्याने एक फट ठेवली आहे. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 14 वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी आली. चांगले झाले. त्याच दुरुस्तीत कुटुंबाला मदत करणाऱ्या मुलाला सूट मिळाली. ती सूट शाळा सुटल्यानंतरची किंवा सुट्टीतली आहे, आणि तेही काम धोक्याचे नसेल तर. आता सांगा, नोव्हेंबर ते मार्च ज्या मुलाची शाळाच नाही, त्याची शाळा सुटते कधी? कोयता, विंचूकाटा, कठडा नसलेल्या विहिरी आणि अंधारात मागे येणारी ट्रॉली यांना धोका म्हणायचे नाही तर कशाला? तरी ‘घरचंच काम करतंय’ हे उत्तर सगळ्यांना पुरते. ऊस कारखान्याचा, तोडणीचा करार कारखान्याच्या कामासाठी, आणि काम मात्र घरचे!

शाळेच्या बाजूने काय होते तेही सांगतो. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी ही मुले वर्गात असतात, हजेरी लावतात, मोजली जातात. महिन्या-दीड महिन्यात ती निघून जातात, पण पटावरून नाव काढायला कुणी धजत नाही, कारण नाव गेले की पद जाते. एप्रिलमध्ये मूल परत येते आणि वरच्या वर्गात जाते. कागदावर गळती नाही. पुढे सहावीतल्या पोराला सलग दोन ओळी वाचता आल्या नाहीत की आपण सर्वेक्षणाचे आकडे छापून हळहळतो.

उपाय झाले नाहीत असे नाही. नव्वदच्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर धोरण बदलले, मुलाने जाईल तिथल्या नियमित शाळेत बसावे, सोबत गावच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी पत्रक न्यावे असे ठरले. पत्रक घेऊन बागलकोटच्या कन्नड शाळेत आमच्या पोराने काय करायचे, हे कुठल्या परिपत्रकात वाचल्याचे आठवत नाही. गावातली हंगामी वसतिगृहे त्यातल्या त्यात कामाची. नाव वसतिगृहाचे असले तरी मूल झोपते आजीकडे आणि जेवते शाळेत. पण मंजुरी टोळ्या गेल्यावर आली तर कोणासाठी? आणि थोरल्या मुलीला आजीच्या भरवशावर सोडायला आई तयार होत नाही. ती फडावर तरी जाते, नाहीतर तिचे लग्न उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बालविवाहाचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के होते, बीडमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते.

पैशांची अडचण आहे असेही वाटत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. हंगामात 10 कोटी टन गाळप झाले तर कारखान्यांचेच 100 कोटी होतात. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे, प्रत्येकी 100 मुलांची, मंजूर झाली. सगळी पूर्ण क्षमतेने भरली तरी 8,200 मुले. ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या लाखांत सांगितली जाते.

तोडणी यंत्र आले की प्रश्न सुटेल, असे काही जण म्हणतात. लहान तुकड्यांच्या रानात यंत्र वळत नाही, आणि वळले तरी उचल घेतलेल्या माणसाने खायचे काय हा प्रश्न राहतोच.

माझी मागणी साधी आहे. कारखान्याकडे प्रत्येक खेपेची काट्याची पावती असते. कुठल्या मुकादमाची टोळी कोणत्या फडात आहे हे शेतकी विभागाला रोज ठाऊक असते, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय तर कोपीन् कोपी ओळखतो. एवढी नोंद ठेवणाऱ्या कारखान्याला मुलांची यादी ठेवता येत नाही, हे मला पटत नाही. मुकादमाशी करार करतानाच प्रत्येक कोयत्यासोबतच्या मुलांची नावे, वये आणि शाळा लिहून घ्याव्यात. गाळप परवान्याच्या अर्जासोबत ती यादी जोडणे सक्तीचे करावे. यादीची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे ऑगस्टमध्येच जावी, म्हणजे वसतिगृहाची मंजुरी टोळ्या निघण्याआधी हातात पडेल. फडात 14 वर्षांखालचे मूल काम करताना दिसले तर जबाबदारी कारखान्यावर निश्चित करावी. कुटुंबाला मदतीची सूट कराराच्या ऊसतोडीला लागू नाही, असे कामगार खात्याने लेखी जाहीर करावे.

उचलीचे व्यवहार याच दिवसांत सुरू होतात. जिल्हाधिकाऱ्यांनी मुकादमांची पहिली बैठक या महिन्यातच बोलवावी.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. वडवणी, जि. बीड