कातडं बकरीचंच आहे

ट्रली, काउंटी केरी, आयर्लंड
१६ जून

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार, आणि हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

बाबा, त्या दिवशी फोनवर मी इथल्या मैफिलीतल्या एका चर्मवाद्याचं सांगत होते, तर तुम्ही विचारलंत, "कातडं कसलं असतंय त्याला?" आणि तेवढ्यात लाइन गेली. मग माझी रात्रपाळी, तुमचं तबला मढवायचं दुकान, असं करत चार दिवस निघून गेले. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई 'जेवलीस का' विचारण्यात घालवते. म्हणून म्हटलं, सरळ कागद घ्यावा. व्हिडिओही पाठवता आला नाही, आत मोबाइल बंद ठेवायला लावला होता. तर कातडं बकरीचं. बाकी सगळं पहिल्यापासून सांगते.

याच्या मुळाशी आमच्या वॉर्डातले एक आजोबा आहेत. नाव सांगत नाही, पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं. वय ऐंशीच्या पुढं, हाताला कंप, तोंड मात्र अखंड चालू. एका रात्री तीनच्या सुमाराला बीपी घ्यायला गेले तर हे डोळे मिटून पलंगाच्या कठड्यावर बोटं वाजवत पुटपुटतायत, डिडल-डी-डम, डिडल-डी-डम. मला वाटलं भ्रमात आहेत. जरा थांबून ऐकलं, तर माणूस पक्का ठेक्यात. तीन-तीनचे दोन तुकडे. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादरा!" त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "जिग."

जिग म्हणजे इथली एक नाचाची चाल. घरात फिडल, म्हणजे व्हायोलिन, नसायचं किंवा वाजवणारा आजारी असायचा, तेव्हा लोक असं तोंडानंच वाजवायचे आणि बाकीचे त्यावर नाचायचे. याला लिल्टिंग म्हणतात, त्याच्या स्पर्धासुद्धा होतात म्हणे. तुम्ही तबला मढवून झाला की हात लावायच्या आधी तोंडानं बोल म्हणता, त्याचाच हा चुलतभाऊ. फक्त आपले बोल तबल्याचे, यांचे चालीचे. शब्दाला अर्थ काही नाही, पण अख्खं गाणं त्यात बसलेलं. सकाळी मी निघताना आजोबा म्हणाले, "गुरुवारी शीअमसाला जा. आणि मला येऊन सांग, फिडलवाला कसा होता."

शीअमसा तीरे हे इथलं थिएटर, आयर्लंडचं राष्ट्रीय लोकरंगमंच. पॅट अहर्न नावाच्या एका पाद्रीबाबांनी १९७४ साली ही संस्था उभी केली. आताची इमारत १९९१ ची, गावच्या बागेत आहे. बाहेरून थिएटर वाटतच नाही. केरीच्या डोंगरांत जुन्या गोल दगडी गढ्या आहेत, चुनामाती न लावता नुसते दगड रचून बांधलेल्या. त्यातल्या स्टेग नावाच्या गढीवरून या इमारतीचं रूप घेतलंय. मी आत शिरले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेलेले आणि बाहेर लख्ख उन्हं. जूनमध्ये इथं दहापर्यंत सूर्य मावळत नाही. कार्यक्रमाला जाताना डोक्यावर ऊन असलं की मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं.

स्टेजवर अर्धगोलात पाच साध्या खुर्च्या. ना गादी, ना तक्क्या, ना समई. एकाच्या पायात तर शेतावरचे बूट. आले, बसले, एकमेकांकडं बघितलं आणि सुरू. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मला सगळं एकच वाटलं. मग हळूहळू कान बसला. चालीचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो. ती चाल तीनेकदा झाली की न थांबता दुसरी सुरू. ही उडी मारतात तेव्हा प्रेक्षकांतून एकदम 'हुप्प' असा आवाज निघतो. आणि सगळे एकच चाल वाजवतात. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरायची छोटी पेटी, कुणाचं वेगळं काही नाही. पण प्रत्येकाच्या हरकती वेगळ्या. भजनात अख्खं मंडळ एकच अभंग म्हणत असतं आणि तरी तुकाराममामांचा आवाज ओळखू येतो, तसं.

जिग सहाची, रील म्हणजे आपला धावता केरवा. एक स्लिप जिग म्हणून असते, तिच्या मात्रा नऊ. तिथं माझं बोट दोनदा चुकलं, तुम्ही असता तर टपली मारली असती.

आता तुमचं वाद्य. त्याचं नाव बाउरॉन. लिहितात भलतंच, म्हणतात भलतंच, सगळी आयरिश भाषाच तशी आहे. मोठ्या चाळणीएवढं लाकडी कडं, एकाच बाजूला कातडं, दुसरी बाजू उघडी. शेतावर धान्य पाखडायला कातड्याचं सूप असायचं, त्यातूनच हे आलं असं सांगतात. पूर्वी वर्षातून एकदा, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी पोरं सोंगं घेऊन दारोदार फिरायची, तेव्हा बाहेर निघायचं. सभ्य मैफिलीत याला जागा नव्हती. १९६० नंतर शॉन ओ रियाडा या संगीतकारानं त्याला स्टेजवर आणून बसवलं. म्हणजे ढोलकीसारखंच. तमाशात चालते, देवघरासमोर बसून वाजवायला मात्र मृदंग पाहिजे, हे तुमचंच गाऱ्हाणं.

मधली काळी शाई नाही. कडेची चाट नाही. कातडं ताणायला वादी-गट्टे काही नाही. उजव्या हातात वीतभर लाकडी दांडी धरून मनगट असं फिरवतात की दांडीची दोन्ही टोकं वाजतात. मी सगळा वेळ डावा हात बघत होते. तो हात आतून कातड्याला टेकलेला. वर सरकला की सूर चढतो, खाली आला की उतरतो. डग्ग्यावर तुम्ही मनगटानं घिस्सा देता ना, हुबेहूब तो, फक्त पाठीमागून. एवढं ओळखीचं काहीतरी एवढ्या लांब बघून मला हसूच आलं. शेजारच्या बाई माझ्याकडं बघायला लागल्या.

दुसरं वाद्य तुम्हाला दाखवायला पाहिजे होतं, इलन पाइप्स. इलन म्हणजे कोपर. स्कॉटलंडची पिपाणी तोंडानं फुंकतात. ही फुंकतच नाहीत. उजव्या काखेत पेटीसारखा भाता, तो कोपरानं दाबायचा. डाव्या काखेत हवेची पिशवी. बोटं बासरीवर, मांडीवर तीन नळ्या सतत एकच सूर धरून, आणि वर मनगटानं दाबायच्या आणखी पट्ट्या. माणसाला हात दोनच असतात यावर माझा विश्वास उडाला. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं घोटायचं, सात वर्षं वाजवायचं, मग पाइपवाला तयार होतो, अशी इथं म्हण आहे. २०१७ साली युनेस्कोनं या वादनकलेला वारसा म्हणून यादीत घेतलं. वाजवणारी एक विशीतली पोरगी होती. बावीस-तेवीसची असेल. एकवीस वर्षांचा हिशेब तिनं कसा बसवला कोण जाणे.

हार्पही होती, उभ्या तारांचं वाद्य. युरोच्या इथल्या प्रत्येक नाण्यावर तीच असते, म्हणून मोठ्या अपेक्षेनं बसले होते. कॅरोलन नावाचा हार्पवादक (१६७०–१७३८) अठराव्या वर्षी देवीच्या रोगानं आंधळा झाला आणि घोड्यावर बसून गावोगाव यजमानांसाठी चाली रचत फिरला, त्याची एक रचना झाली. फार गोड. पण मी रात्रपाळी करून गेलेली, तेवढी पाच मिनिटं माझी डुलकी लागली. हे आजोबांना सांगितलेलं नाही.

फिडलवाला मात्र पुरा जागा राहून ऐकला, कारण रिपोर्ट द्यायचा होता. प्रत्येक चालीआधी तो सांगायचा, ही मी अमक्याकडून घेतली, त्यानं तमक्याकडून. रचनाकाराचं नाव नाही, कारण बहुतेक चालींना ते नाहीच. आपल्याकडं गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात जातो, इथं तसं काही नाही, पण नाव घेतल्याशिवाय गज उचलत नाहीत. पोल्का नावाच्या एका नाचाच्या चालीची साखळी पॉड्रिग ओकीफपर्यंत गेली. हा आमच्याच केरीचा. शाळामास्तर होता, ती नोकरी गेली आणि मग डोंगरातल्या घराघरांत पायी फिरून फिडल शिकवत राहिला. १९६३ साली वारला. पोरांना नोटेशन वाचता येत नसे, म्हणून त्यानं स्वतःचीच लिपी काढली. नोटेशनच्या पाच रेघांमधल्या चार मोकळ्या फटी म्हणजे चार तारा, आणि आकडे म्हणजे बोटं. त्याची शिष्या जूलिया क्लिफर्ड आणि तिचा भाऊ डेनिस मर्फी हे दोघे पुढं गाजले. तिचं बरंचसं आयुष्य लंडनमध्ये गेलं आणि डोंगरातल्या त्या चाली तिनं तिथं वाजवल्या.

नाचही झाला. अंग ताठ, हात बाजूला सोडलेले, सगळा कारभार गुडघ्याखाली. पूर्वी घराची जमीन मातीची, म्हणून दाराचा खालचा अर्धा दरवाजा बिजागरीतून काढून जमिनीवर टाकायचे आणि त्यावर नाचायचे. ज्यांच्याकडं फरशी होती ते तिच्याखाली घोड्याची कवटी पुरायचे, पाय चांगला घुमावा म्हणून. आजी, घाबरू नकोस, थिएटरात कवटी नव्हती. पण बाबा, विचार करा, अख्खं घर म्हणजेच डग्गा!

मध्यंतरानंतर डिंगल बाजूची एक बाई नुसतं गायली. आयरिश भाषेत, साथीला कुणी नाही. तिनं डोळे मिटले आणि मला वाटलं, आता कुणीतरी तानपुरा छेडेल. मिरजेची पोरगी, सवयच ती. पण तानपुरा नाही, ठेका नाही, काही नाही. याला शॅन-नोस म्हणतात, म्हणजे जुनी रीत. शेजारी बसलेल्या फिडलवाल्यानं तिचा हात हातात घेतला आणि ती गाईल तसा हळूहळू गोल फिरवत राहिला, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. प्रेक्षकांतून कुणीतरी हळूच "मा हू" म्हणायचं, म्हणजे शाब्बास. शेवटची ओळ तिनं गायलीच नाही, बोलून टाकली. साधी, 'चला, निघते' म्हणावं तशी, आणि खाली बसली.

गायच्या आधी तिनं 'अमेरिकन वेक'बद्दल सांगितलं होतं. वेक म्हणजे घरात मयत असताना रात्रभर जागतात ते. पण घरातला पोरगा किंवा पोरगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री जिवंत माणसासाठीच असं जागायचे. पहाटेपर्यंत नाच-गाणं, मग आया-आज्यांचा आकांत, कारण परत भेट होणार नाही हे सगळ्यांना माहीत. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. ट्रलीच्या कडेला ब्लेनरव्हिल म्हणून धक्का आहे, सुट्टीला मी तिथवर चालत जाते. तिथूनच जीनी जॉन्स्टन जहाज २४ एप्रिल १८४८ ला १९३ माणसं घेऊन पहिल्यांदा कॅनडातल्या क्यूबेकला गेलं. त्या काळी अशा जहाजांना शवपेट्या म्हणत, इतकी माणसं वाटेत मरायची. या जहाजानं सोळा फेऱ्या केल्या आणि एकही माणूस दगावला नाही. जहाजावर डॉक्टर होता. नर्स म्हणून मला या गोष्टीतली ही एवढीच ओळ सगळ्यात जास्त आवडते.

आजी, मी निघायच्या आदल्या रात्री तू गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा करून जो सूर लावला होतास, त्याची आठवण झाली. इथं पूर्वी मयताला आक्रोश करायला बायकांना पैसे देऊन बोलवायचे. तुला चांगली प्रॅक्टिस मिळाली असती. आणि हे बघ, मी तर दिवाळीला येते आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी मुद्दाम रेंगाळले. बाउरॉनवाला सामान आवरत होता. कातडं कसलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, बकरीचं, हात लावून बघ. मी हात लावला आणि काय सुचलं कुणास ठाऊक, वास घेतला. ओलं कातडं, थोडा चुना. मागच्या परड्यातल्या पिंपाचा वास. बारावीला असताना याच वासापायी मी मैत्रिणींना घरी आणत नव्हते, हे तुम्हाला ठाऊक होतं का, बाबा? असेल. तुम्ही कधी काही बोलला नाहीत.

तो माणूस बघतच राहिला. मग मी सांगितलं, वडिलांचं तबला मढवायचं दुकान आहे. तर त्यानं मला खुर्चीच दिली! म्हणाला, इथल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, पूर्वी शेकोटीसमोर धरायचे. आणि स्टेजच्या दिव्यांनी उलटं ताणतं, म्हणून मध्यंतरात ओला हात फिरवावा लागतो. तुम्ही पावसाळ्यात काय करता? मी हातोडीनं गट्टे ठोकून दाखवले, हवेतच. त्याला फार मजा वाटली. आताच्या बाउरॉनला आतून चावीनं घट्ट करायची सोय असते, ती त्यानं दाखवली.

मग त्यानं विचारलं, तबल्यावर तो काळा गोल असतो, तो कशाचा? मी म्हटलं, लोखंडाचा कीस आणि भाताची खळ. तो म्हणाला, आणि? किती? किती थर? घोटतात कशानं? माझ्याकडं उत्तर नव्हतं. एकवीस वर्षं त्या घरात राहिले, रोज शाई घोटायचा आवाज ऐकत अभ्यास केला, आणि ते काळं नक्की काय असतं हे एकदाही विचारलं नाही. वडिलांना विचारून सांगते, असं म्हणून आले. त्यानं नंबर दिलाय.

प्रमाण तुम्ही सांगणार नाही हे मला माहीत आहे, ते तुम्ही दादालासुद्धा सांगितलेलं नाही. पण जिन्नस तेवढे लिहून पाठवा. आणि शाई घोटायचा तो दगड कुठून आणता तेही.

आई, वेळेवर जेवते. शेंगदाण्याची चटणी संपत आली आहे.

आजोबांना फिडलवाल्याचा रिपोर्ट दिला. गज जरा जड आहे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, त्याच्या बापाचाही होता.

तुमची,
सुमी